उलार

आधीच सांगते, मला बबिताचा राग येत होता, आन् आजबी येतो. कुणी म्हणंल, बाई, येवढ्याशा जागंसाठी येवढा जळफळाट कामून? तर हाय जळफळाट. ज्याची जागा जाती त्यालाच कळतंय.

जागा म्हणजे गाडीच्या धुरीवरची, बैलांच्या मागं पुढल्या दांडीवरची. आमी ऊसतोडीची माणसं, चारठाण्याच्या वरल्या अंगाची. दरसाल दिवाळी झाली की टायरगाडी, दोन बैलं आन् भांडीकुंडी घेऊन खाली गंगथडीला, गोदावरीच्या काठाला उतरायचं. यंदा ताडकळसच्या अलीकडं फड लागला. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतेत. आमचे मालक रायभान आन् मी, असा आमचा एक कोयता. दिवसभर ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, दुपार कलली की गाडी भरायची. मग फडातून निघायचं, कॅनॉलचा पूल चढायचा, उतरायचा, आन् आमच्या पाचटाच्या कोप्या हायत तिथवर यायचं. कोप्यापाशी मी उतरायचे, चूल पेटवायचे, आन् मालक तसेच पुढं कारखान्याला जायचे. ते परत यायचे तव्हा मी झोपलेली असायचे.

म्हणजे दिवसभरात दोघांनी शेजारी बसायचं ते फडापासून कोपीपर्यंत, बस. फडात तोंडाला फडकं, हातात कोयता, आन् पाचटाची धूळ नाकात. तिथं कोण बोलतंय? आमच्या पोरीला, पिंकीला, परभणीला वसतिगृहात ठिवायचं का न्हाई, ते आमी धुरीवर ठरवलं. पिंकीच्या येळंला दिवस गेलेत हे मी त्यांला धुरीवरच सांगितलं, घरात सासू होती म्हणून. लग्न नवं होतं तव्हा ते माह्या नावावरून चिडवायचे, धुरीवर बसती म्हणून बापानं तुहं नाव धुरपदा ठिवलं का काय. मी म्हणायचे, असंल.

आता गाडीचं कसं असतंय ते सांगते, न्हाई तर माहं दुखणं तुमाला कळायचं न्हाई. टायरगाडीला दोनच चाकं. चाकाच्या मागं ऊस जास्त पडला की बूड खाली बसतंय, पुढची धुरी वर उचलती, आन् बैलाच्या गळ्यातला पट्टा त्याच्या नरड्याला लागतो. ह्याला म्हणतेत गाडी उलार झाली. पुढं जास्त पडला तर सगळा भार बैलाच्या मानंवर. दोन्ही बाजूला सारखा भरायला येतो, पण ते सपाट रस्त्याला. चढ आला की वजन मागं पळतंय, उतार आला की पुढं धावतंय. मोळीला सांगून ती सरकत न्हाई. माणूस सरकतंय. म्हणून गाडी जराशी उलारच भरायची आन् पुढं धुरीवर एक माणूस बसवायचं. त्यानं चढाला पुढं झुकायचं, उताराला मागं रेलायचं. दिसायला बसून खायचं काम, पण ध्यान सुटलं तर बैल जीवानिशी जाईल. ते काम माहं. मालक शेजारी कासरा धरून बसायचे, चढाला तेवढे उतरून बैलाच्या तोंडापाशी चालायचे. लग्न झाल्यापासून त्या धुरीवर दुसरं कुणी बसलं न्हाई.

यंदा पावसाळ्यात मला टायफाइड झाला. जिंतूरला सलाइनी लावल्या, ताप उतरला, पण ताप जाताना अंगावरचं सगळं मास घेऊन गेला. बांगड्या वर कोपरापर्यंत जायल्या. झंपरात माह्यासारख्या दोघी मावतील. तरीबी दिवाळी झाल्यावर मी गाडीत बसले, म्हणलं हवापालट झाली की भरंल अंग.

आन् ह्याच साली बबिता आली. झरीची. तिच्या नवऱ्याचं नाव रविकांत. पोळ्याच्या आधी त्यांचा एक बैल लंपीनं गेला, एका बैलावर गाडी काय चालती? म्हणून मुकादमानं ते जोडपं आमच्याच गाडीवर भरायला लावलं. रविकांत म्हणजे मुका माणूस. मुका म्हणजे जीभ हाय, पण कानात सदा मोबाइलचं गाणं, त्यामुळं बोलायची गरजच न्हाई. त्याच्या वाट्याचं सगळं ही बोलती. अंगानं भरलेली, गालाला खळी, हसली तर दंड हलतेत. चालत आली तर न बघता कळतंय कोण आलं.

पहिल्याच दिवशी मला म्हणली, "अक्का, मला तुमच्या शेजारीच कोपी घालू द्या." अक्का म्हणली म्हणून मला बरं वाटलं, खोटं कामून बोलू. मी तिला पाचट दिलं, दोरी दिली. तेवढ्यात मालक पाण्याची घागर घेऊन आले, तर ही त्यांला म्हणली, दाजी, एक घागर आमाला बी आणा की.

दाजी. बघा आता. मी अक्का झाले म्हणल्यावर माहा नवरा दाजी झालाच, त्याला कुणाचा इलाज न्हाई. आन् दाजी-मेव्हणीचं नातं तुमाला मालूम हाय, थट्टामस्करी करायला कुणाची परवानगी लागत न्हाई. तिला मला मामी म्हणता आलं असतं. मग मालक मामा झाले असते, ती डोक्यावर पदर घेऊन खाली मान घालून बोलली असती, सगळ्याचं भलं झालं असतं. पण न्हाई, ती अक्का म्हणली, आन् एका शब्दात माह्या घरात शिरली. मालकानं गुमान दुसरी घागर आणून दिली. माह्यासाठी दुसरी घागर आणल्याचं मला तरी आठवत न्हाई.

दोन-चार दिवस नीट गेले. मग एक दिवस कॅनॉलच्या चढाला गाडी लागली. मी धुरीवर, नेहमीसारखी पुढं झुकलेली. अर्ध्यात गेलो आन् मला वाटलं, आपण वर जायलोत. खरंच वर जायले होते. धुरी उचलली, हौशा बैलाची मान वर ताणली, नरड्यातून घरघर आवाज निघायला. मी सगळा जीव लावून पुढं वाकले, पण त्या उसापुढं माहा जीव तो केवढा. मालक ओरडले, रविकांत कानातलं काढून धावला, दोघांनी जू धरून खाली दाबलं. मालकानं माह्याकडं बघितलं, मग मागं बघितलं, आन् म्हणले, "धुरपदे, उतर खाली. बबिता, तू ये, बस."

ती आली, लुगडं खोचलं, चढली, बसली. धुरी गपकन खाली आली. हौशानं मान हलवली आन् गाडी पूल चढून गेली. मी मागून चालत आले, पाचटाच्या धुळीत, रविकांतसंगं. त्यानं परत कानात घातलं होतं.

त्या दिवशी कोपीपाशी गाडी थांबली तव्हा मी मालकाला म्हणलं, उद्यापासून एक मोळी कमी टाका, मी बसते. ते बैलाच्या गळ्यावरून हात फिरवायले होते. माह्याकडं न बघताच म्हणले, "धुरीला वजन लागतंय, धुरपदे. नातं लागत न्हाई."

बोलण्यात वाकडं काही न्हाई. त्यांचं बोलणं असंच, सरळ. पण सरळ वस्तूच जास्त आत जाती. मी चूल पेटवायला गेले आन् धूर झाला म्हणून डोळ्याला पाणी आलं असं शेजारणीला सांगितलं.

तिथून पुढं रोजचंच झालं. ती वर, मी मागं. भरलेल्या गाडीच्या मागून चालायचं म्हणजे पुढचं काही दिसत न्हाई, ऐकू मात्र सगळं येतंय. तिचं दाजी असं, दाजी तसं. दाजी, तुमचा बैल तुमच्यासारखाच चिंगूस हाय, शेपूट पण हलवीत न्हाई. आन् मालक हसायले. ते हसले की घोगरा आवाज येतो, लय दिवसांत ऐकला न्हवता, पहिल्यांदा मला वाटलं गाडीचं काही घासायलंय. बरं, काय येवढं हसण्यासारखं होतं त्यात? बैलाच्या शेपटीचं मी बोलले असते तर म्हणले असते, ध्यान कुठं हाय तुहं.

आन् एक दिवस बघते तर बुडाखाली तिनं घडी घालून घेतलेली गोधडी माही. माह्या आईच्या लुगड्याची गोधडी. मी इचारलं तर मालक म्हणले, लोखंड टोचतंय म्हणली, दिली. मला इतक्या वर्षांत लोखंड टोचलं न्हाई का? टोचलं. पण मी सांगितलं न्हाई, कारण मला वाटायचं त्यांला कळत असंल.

बबिता वाईट न्हाई, हे आणखी वाईट. वाईट असती तर टोळीतल्या चार बायका माह्या बाजूनं झाल्या असत्या. ती कुणाचंबी लेकरू काखंत घ्यायची, कुणाच्याबी चुलीवर भाकरी थापून द्यायची. मला दुपारी ऊस सोलून द्यायची, खा अक्का, तुमाला ताकद पाहिजे म्हणायची. मी तो ऊस बैलाला घालायचे.

पिंकीचा रविवारी फोन येतो. ती अकरावी सायन्सला हाय. मी तिला सहज इचारल्यासारखं इचारलं, का गं, माणसाचं वजन म्हणजे काय असतंय? आता सायन्सच्या पोरीला येवढंच पाहिजे. लागली सांगायला. पृथ्वी सगळ्याला मपल्याकडं ओढती, आई. ऊस, बैल, तू, मी, कॅनॉलचं पाणी, सगळं. ती ओढती म्हणून आपण जमिनीवर हावोत, न्हाई तर उडून गेलो असतो. आन् ज्याला ती जेवढ्या जोरानं ओढती, तेवढं त्याचं वजन.

मी म्हणलं, म्हणजे जास्त वजनाच्या माणसाला धरती जास्त ओढती?

ती म्हणली, हौ, जास्त.

घ्या. मालक तर मालक, धरती बी तिच्याच बाजूनं. मी म्हणलं, ज्याचं वजन कमी झालं त्याच्यावरची तिची माया कमी झाली म्हण की. पिंकी हसली, म्हणली आई तसं नसतंय गं, आन् चंद्रावर गेलीस तर तुझं वजन आणखी सहापट कमी भरंल. मी म्हणलं, मला नको, आमच्या बबितालाच धाड चंद्रावर. पिंकीला वाटलं मी गंमत करायले.

फोन ठिवला आन् खायला लागले. सकाळी दोन भाकरी खायचे तिथं तीन, वरून शेंगदाणे आन् गूळ. रोज दुपारी मनगट धरून बघायचे. बोटाला बोट लागून आधीसारखंच वर उरायचं. खाल्लेलं कुठं जात होतं कुणास ठाऊक, मला वाटतं ते सगळं आत जळत होतं. मग मी म्हणलं, मास येईल तव्हा येईल, वजन तर आजच आणता येतंय.

पण वजन आणायचं कशाचं? आमच्या चारठाण्याकडं दगडच दगड, पायाला ठेच लागल्याबिगर दिवस जात न्हाई. इथं गंगथडीला सगळी काळी माती. ढेकूळ सापडंल, दगड न्हाई. चुलीला तीन दगड लागतेत म्हणून ते सुद्धा आमी दरसाल गावाकडून गाडीत घालून आणतो. मी सगळा बांध धुंडाळला. मग कोपीत येऊन बसले आन् चुलीकडं बघितलं.

सकाळी भाकरी झाली की इस्तू इझवला, दगड थंड होऊ दिले, आन् टोपल्यात भाकरीच्या खाली घालून फडात नेले. मान मोडली. दुपारी गाडी भरून झाली तव्हा उसाच्या आडोशाला गेले, पदर कंबरंला बांधून ओटी केली आन् त्यात तिन्ही दगड घातले. बाईच्या ओटीत नारळ घालतेत, तांदूळ घालतेत. मी मपल्या हातानं मपल्या ओटीत दगड घातले. वरून शाल घेतली, आन् मालकाला म्हणलं, आज मला बसून बघू द्या, आता मी बरी झाले.

ते सरकले. मी बसले, धुरी खाली आली. कॅनॉलच्या चढाला जीव मुठीत धरला होता, पण दगड बिचारे माह्या बाजूनं ओढायले, आन् गाडी चढली. मालक म्हणले, भरलीस की गं जरा. मागून बबिता पायी यायली होती. तिला धुळीत ठसका लागला, आन् तो ऐकून मला इतकं गोड वाटलं की काय सांगू. त्या दिवशी पिंकीचं, बैलाचं, सगळं साठलेलं बोलून घेतलं. मालकाला कळंना मी येवढी खुशीत कशानं.

चार-दोन दिवस हे निभलं. कोपीपाशी गाडी थांबली की मी ओटी धरून हळूच उतरायचे, मालकाला पुढं जाऊ द्यायचे, मग आत जाऊन चूल मांडायचे. पण एक दिवस बबिता आडवाटंनं आमच्या आधी कोप्यावर पोचली आन् इस्तू न्यायला माह्या कोपीत गेली. गाडी येऊन थांबते न् थांबते तवर ही बाहेर आली आन् सगळ्या टोळीला ऐकू जाईल असं म्हणली, अक्का, तुमची चूल कुणी नेली वो?

बायका जमल्या. चुलीचे दगड कोण चोरंल, म्हणून जो तो इचार करायला. मी धुरीवर तशीच. मालक खाली उतरले होते, म्हणले उतर की. सगळ्यांदेखत मला उतरता येईना. त्यांनी हात दिला, मी पाय खाली टाकला, आन् पदराची गाठ सुटली. एक दगड रस्त्यावर पडला, एका अंगानं काळाभोर, काजळी लागलेला. मग दुसरा. तिसरा मी धरून ठिवला, कशाला ते मलाच ठाऊक न्हाई.

हसल्या सगळ्या. हसणारच, मी त्यांच्या जागी असते तर लोळून हसले असते. बबिता तेवढी हसली न्हाई. तिनं तोंडावर हात घेतला आन् माह्याकडं बघितलं, तिला सगळं कळलं होतं. ते मला हसण्याहून जास्त लागलं. मालकानं दोन्ही दगड उचलून कोपीच्या दाराशी ठिवले. मग कासरा हातात घेतला आन् हळूच म्हणले, "दगडच बसवायचे होते तर बाई कशाला लागती?"

दुसऱ्या दिवशी परत बबिता वर. तिनं लय आढेवेढे घेतले, अक्काला बसू द्या म्हणली, मला चालायला आवडतंय म्हणली. मालक म्हणले, बैल मारायचेत का? ती बसली, पण त्या दिवशी दाजी-दाजी काही ऐकू आलं न्हाई. माह्यावर दया करायली. दया करणारीण कुठली.

तो फड संपला आन् नवा फड लागला तो कॅनॉलच्या अलीकडं, कोप्यांच्याच अंगाला. मधी पूल न्हाई, चढ न्हाई, उतार न्हाई, नुसता सपाट डांबरी रस्ता. मी पहिल्या दिवशी तो रस्ता बघितला आन् माह्या डोक्यात आलं: सपाटाला सरकणारं माणूस लागतंय कशाला? गाडी बराबर भरली तर धुरीवर कुणीच नको. मी न्हाई तर तीबी न्हाई.

दुपारी मालक गाडीवर चढायला निघाले तर मी म्हणलं, आज मी वर चढते, तुमी मोळ्या द्या, डोक्यावर घेऊन माही मान गेलीय. ते खरंच होतं. चढले. मालक कसं भरतेत ते मी जन्मभर खालून बघितलंय, कुठली मोळी आडवी, कुठली उभी, चाकाच्या पुढं किती, मागं किती. खालून बबिता मोळ्या द्यायली, रविकांत द्यायला, मी एकेक मोळी ठिवायचे, उतरून धुरीला हात लावून बघायचे, परत चढायचे. मालक म्हणले, सोनं तोलायलीस का? पोराला न्हाऊ घालावं तशी मी ती गाडी भरली.

दोर आवळला, बैल जुपले. मालकानं धुरी धरून वर-खाली केली. एका हातानं. मग दोन बोटांनी. त्यांच्या तोंडावर जे आलं ते बघायला मी इतक्या वर्षांत तरसले होते. म्हणले, "बराबर भरलीस गं. आज कुणीच नको."

मी मनात म्हणलं, जिरली. बबिताच्या बुडाखालची माही गोधडी मी आधीच काढून काखंत घेतली होती. मालक बैलाच्या खांद्यापाशी चालायले, रविकांत त्यांच्या बाजूनं, आन् गाडीच्या मागं आमी दोघी. गाडी अशी चालली की बैलाच्या गळ्याला पट्टा लागत न्हवता आन् मानंला जू. बबिता माह्या शेजारी चालायली, मधून मधून माह्याकडं बघायली. मी मान ताठ ठिवली. तिची जागा गेली ना, मग झालं.

शंभरेक पावलं गेलो असू. मग मला कळलं मी काय केलं ते. "आज कुणीच नको." म्हणजे उद्याबी नको. सपाट रस्ता, महिनाभराचा फड, आन् गाडी माह्याच हातानं अशी भरलेली की तिला माही गरज न्हाई. तिची जागा काढायच्या नादात मी माही बी काढून टाकली, आन् वरून शाबासकी घेतली. पुढं मालकाचा आवाज यायला, बैलासंगं बोलायले होते. कोप्या अजून दिसायच्या होत्या, पण लांब न्हवत्या. कोप्या आल्या की मी चुलीपाशी आन् ते कारखान्याला. मला रडू आलं. धुराचं निमित्त बी न्हवतं.

मोळ्या आवळलेला दोर गाडीच्या मागं लोंबत होता. मी तो धरला. काही ठरवून न्हाई, आधाराला धरला. दोन्ही हातांनी धरला आन् मग पाय उचलले. माहं वजन ते काय, पण गाडी इतकी बराबर होती की तेवढ्यानं बी तिला कळलं. बूड खाली आलं. पुढं धुरी वर गेली असणार, कारण गुलब्या बैल फुरफुरला आन् मालक म्हणले, हो हो हो. मी पाय टेकवून दोन पावलं चालले, परत उचलले. बबिता बघायली होती. मी तिच्याकडं बघितलं न्हाई. मी नुसतं ऐकायले, मालक आता कुणाला बोलावतेत ते.

"उलार व्हायली," मालक म्हणले. "बबिता, ये गं पुढं, बस."

माहे हात दोरावर तसेच राहिले. नाव न्हाई घेतलं माहं. लटकले मी, आन् बोलावणं तिला. चूक त्यांची बी न्हाई, धुरीला वजन लागतंय. मला वाटलं आता दोर सोडावा आन् तिथंच रस्त्यावर बसावं, गाडी जाऊ द्यावी, कोप्या जाऊ द्याव्या.

बबिता माह्या शेजारी आली. माह्या हातातला दोर तिनं हळूच मपल्या हातात घेतला आन् पुढं आवाज दिला, "दाजी, माहा पाय मुरगळलाय. अक्काला धाडते." मग मला कोपरानं ढकललं आन् बारीक आवाजात म्हणली, "जा की. तुमी सोडलं तर गाडी नीट होईल ना. मी धरते."

मी तिला म्हणणार होते, मला तुही भीक नको. तोंडात आलं होतं. पण पाय निघाले होते. गाडीच्या बाजूनं पळत पुढं गेले, मालकानं हात दिला, मी धुरीवर चढले. त्याच येळंला मागं बबितानं पाय उचलले असणार, आन् ती म्हणजे काय मी न्हवं. धुरी खाली यायच्या ऐवजी माह्यासकट चांगली वर आली. मालकानं जू दाबून बघितलं, माह्याकडं बघितलं. बांगड्यांकडं, मनगटाकडं, झंपराकडं. कितीतरी दिवसांनी असं सगळीकडं बघितलं.

"अजून उलारच हाय," ते म्हणले. "लय हलकी झालीस गं तू."

आन् चालत्या गाडीवर चढून ते माह्या शेजारी बसले. गाडी बराबर झाली. त्यांनी माह्या काखंतली गोधडी ओढून घेतली आन् घडी घालून मला बुडाखाली दिली, म्हणले, लोखंड टोचतंय. मग तेच बोलायला लागले, औषध संपलं का, रविवारी ताडकळसच्या बाजाराला जाऊन डॉक्टरला दाखवू का, पिंकीला कधी बोलवायचं.

मी हौ हौ म्हणायले, पण माहा अर्धा कान मागं होता. आता सोडंल, मग सोडंल. तिचे हात काही लोखंडाचे न्हाईत. कोप्या येईस्तोवर बबितानं दोर सोडला न्हाई. तिचा मला त्या दिवसाइतका राग कधीच आला न्हाई.